प्रोग्रेसचे पेढे

दहावीच्या वर्गात दरवर्षी दिवाळीनंतर मी एक तास फक्त शब्दांचा घ्यायचे. हेल्थ, इलनेस, फिटनेस. फळ्याच्या डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला पोरं सांगतील ते मराठी. ‘फिट ॲज अ फिडल’ म्हणजे ठणठणीत. फिडल म्हणजे सारंगीसारखं एक वाद्य, असं सांगितलं की एखादा विचारायचाच, “मॅडम, सारंगी कधी आजारी पडत न्हाय का?” ‘अंडर द वेदर’ म्हणजे तब्येत जरा बरी नसणे. त्याचं एकानं पेपरात ‘हवामान खात्याच्या ताब्यात’ असं भाषांतर केलं होतं. ‘क्लीन बिल ऑफ हेल्थ’ म्हणजे तपासणीत काहीच निघालं नाही असा निर्वाळा. आमच्या वर्गात ते दरवर्षी ‘दवाखान्याचं बिल भरलं’ असंच व्हायचं. मी हसायचे, खोडायचे आणि बरोबर उत्तर लिहायचे.

चुकीचं भाषांतर मला खपत नाही. घरात, बाजारात, लग्नपत्रिकेतसुद्धा मी चुका काढते. भूमच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता केस पिकले, ती सवय काही जायची नाही. त्या तासाला शिकवलेले शब्द एकेक करून माझ्याच वाट्याला आले, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी बरी झालेली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शेवटी फसवल्यासारखं व्हायचं. बरं होऊन लिहिणाऱ्यांचं मी पुष्कळ वाचलं. त्यात शेवटी सगळे कुठला ना कुठला डोंगर चढतात. चढोत बिचारे, मला आनंदच आहे. पण आत्ता या घडीला कुणीतरी मांडीवर फाईल घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलं असेल. आत साहेब काय बोलले ते नीट कळलं नाही, आणि परत विचारायची लाज वाटते. माझं लिखाण त्या माणसासाठी आहे.

गाठ

आंघोळ करताना हाताला लागली. डाव्या छातीत, बोराएवढी. दुखत नव्हती.

त्याच दिवशी ह्यांना सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान, एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. मी त्यांना ‘अहो’ म्हणते, इथंही नाव लिहायला हात धजत नाही, तेव्हा ‘हे’च लिहीन. हे तेव्हा अंगणात बसून शेजाऱ्याची मोटार खोलत होते. हात पुसत म्हणाले, “गाठ हाय ना? मग सोडवू की.”

धाराशिवला सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी सोलापूरला जा म्हणून चिठ्ठी दिली. सोलापूरला सुईची तपासणी झाली आणि रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघं आत जाऊन बसलो. डॉक्टर तरुणच होते, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, शिक्षण किती? मी म्हटलं, एम. ए., इंग्लिश. शिकवते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं आणि ते एकदम इंग्रजीत बोलायला लागले.

तेव्हापासून माझ्या आजाराची भाषा इंग्रजी झाली.

ते ‘लम्प’ म्हणाले, मग ‘मास’, मग ‘लीजन’. एका गाठीला एवढी नावं. नंतर म्हणाले ‘मॅलिग्नंट’. हा शब्द मी शिकवते. ‘मॅल’ हा उपसर्ग वाईट अर्थानं लागतो, जसं मॅलन्यूट्रिशन, म्हणजे कुपोषण. खरं सांगते, त्या खुर्चीत मला आधी उपसर्गच आठवला. शेजारच्या खुर्चीत हे बसले होते. आधी डॉक्टरांच्या तोंडाकडं बघायचे, मग माझ्या. गाडी कुठून वाजते ते बघताना कान लावून बसतात, तसे बसले होते.

बाहेर आल्यावर म्हणाले, “काय म्हणले?”

“ऑपरेशन करायचं म्हणाले. मग औषधं.”

“कॅन्सर हाय का?”

हा शब्द आता कुणाला शिकवावा लागत नाही. मी “हो” म्हटलं. ते खाली गेले आणि चहाचे दोन कप घेऊन आले. दोन्ही माझ्याच पुढं ठेवले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मला दोन्ही प्यावे लागले.

शिरेस

घरी आल्यावर मुख्याध्यापकांना फोन केला. आमचे सर इंग्रजीतून बोललं की रजा लवकर मंजूर करतात, म्हणून म्हटलं, “सर, इट इज सिरीयस.”

सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांना इंग्रजीतला एवढा एक शब्द पक्का येतो. आमच्याकडं ‘शिरेस’ म्हणजे माणूस आता काही तासांचा सोबती. दवाखान्यातनं ‘पेशंट शिरेस हाय’ असा फोन आला की लोक पाहुण्यांना कळवायला लागतात. त्यांनीही तेच केलं. मी आत भाकरी थापत होते आणि त्या बाहेर फोनवर शेजारच्या वाशी गावच्या नणंदेला सांगत होत्या, “शैला शिरेस हाय गं, असशील तशी ये.”

दुपारी दारात जीप थांबली. दोन नणंदा, एक नंदावा, मागं कुणीतरी चुलत सासू. उतरतानाच हुंदके. मी दोरीवरचे कपडे काढत होते. कपड्यांचा ढीग काखेत धरून मी त्यांच्याकडं बघतेय आणि त्या माझ्याकडं.

“ही तर चालती-फिरती हाय की,” चुलत सासू म्हणाल्या. जरा निराशच वाटल्या मला.

मी सासूबाईंना बोलले. तर म्हणाल्या, “तूच म्हणलीस की फोनात. मी का मनानं सांगितलं?” मग मला हसू आलं, नणंदांनाही आलं, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. आजार कळल्यापासून तेव्हाच पहिल्यांदा रडले. थोरली नणंद पाठीवर हात फिरवत राहिली. शब्दाची चूक झाली खरी, पण चार माणसं वेळेवर आली.

जंगल

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर राऊंडला आले, टाके बघितले, म्हणाले, चांगलं झालंय, पण “वी आर नॉट आउट ऑफ द वूड्स यट.”

ते गेल्यावर हे म्हणाले, “वूड म्हंजे लाकूड ना? लाकडाचं काय म्हणत हुते?”

मी सांगितलं, वूड्स म्हणजे जंगल. जंगलातून अजून बाहेर पडलो नाही, म्हणजे संकट अजून टळलं नाही.

“आपल्या भूमला जंगल कुठाय?” हे म्हणाले. “समदे डोंगर बोडके. बाभळी आन कुसळं. इंग्लिश माणसाला जंगलाचं भ्याव असंल, आपल्याला काय.”

मग केमोच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहाटेची एसटी, दवाखान्यात नंबर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मग आतला पलंग आणि वर टांगलेली लाल औषधाची बाटली. माझी शीर सापडायची नाही. तिथल्या एक सिस्टर होत्या, त्या आधी गरम पाण्याची पिशवी आणून माझा हात तिच्यावर ठेवायच्या. “मॅडम, शिरेला थंडी वाजती हो,” म्हणायच्या. हात गरम झाला की शीर वर यायची, आणि एका टोचण्यात काम व्हायचं. ही गोष्ट मी तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय. शीर सापडत नसेल तर गरम पाण्याची पिशवी मागून बघा. सगळ्यांना सुचतंच असं नाही.

तोंड आलं, वरणभात तिखट लागायचा. हे जवळ बसून घास मोजायचे आणि मी चिडायचे. आजारी माणूस गरीब गाय होतो हे कुणी सांगितलं माहीत नाही, मी तर चावरी झाले होते. दूध उतू गेलं म्हणून सासूबाईंना बोलले, टीव्हीचा आवाज वाढला म्हणून ह्यांना बोलले. हे गप उठून बाहेर जायचे आणि स्कूटरचा प्लग काढून परत बसवायचे. त्या वर्षात आमच्या स्कूटरचा प्लग जितका साफ झाला तितका कुणाचा झाला नसेल.

एकदा ताप आला आणि मला दवाखान्यात ठेवून घेतलं. बरं वाटल्यावर सिस्टर म्हणाल्या, आज डिस्चार्ज. हे पिशवी भरता भरता म्हणाले, “बॅटरी उतरली की डिस्चार्ज, आन माणूस बरं झालं तरी डिस्चार्ज? मॅडम, तुमची इंग्लिश लई बेभरवशाची.” शेजारच्या पलंगावरच्या बाई सुद्धा हसल्या. 

केस गेले. सासूबाईंची एक रीत होती, दर रविवारी मला पाटावर बसवून डोक्याला तेल लावायच्या. लग्न झाल्यापासून. केस गेल्यावर त्या रविवारी मी आतच बसून राहिले. त्यांनी बाहेरून हाक मारली, “तेल कोमट झालंय, ये की.” 

मी म्हटलं, “आत्याबाई, कशाला लावायचं आता?”

“केस न्हाय तर न्हाय, डोसकं हाय की.” आणि त्यांनी लावलं. बोडक्या डोक्यावर त्यांचा खरखरीत हात फिरत होता आणि मी गुडघ्यात तोंड घालून बसले होते. 

पुढं केस उगवले, आखूड आणि कुरळे. मी शाळेत रुजू झाले. दिवाळीनंतर शब्दांचा तासही घेतला. ‘ऑन द मेंड’ म्हणजे हळूहळू बरं होत जाणे. फळ्यावर लिहिताना मला बरं वाटत होतं.

प्रोग्रेस

मग पाठ दुखायला लागली. आधी वाटलं, उभं राहून शिकवल्यानं असेल. डॉक्टरांनी स्कॅन करायला लावला आणि रिपोर्टच्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच दोन खुर्च्यांवर बसलो.

डॉक्टर फिल्म लावून बघत होते. म्हणाले, “मॅडम, देअर इज प्रोग्रेशन.” मग आजार हाडांत गेल्याचं सांगितलं, मणक्याचं सांगितलं. मी प्रश्न विचारत होते, इंग्रजीतच. आवाज वर्गात असतो तसा सरळ ठेवला होता. मधेच शेजारी खुर्ची सरकली. हे उठून बाहेर गेले. मला वाटलं, त्यांना ऐकवलं नाही. गोळ्यांची नावं समजून घेऊन मी बाहेर आले, तर हे जिन्याजवळ फोनवर बोलत होते आणि चेहरा असा फुललेला की मी जागीच थांबले.

“प्रोग्रेस म्हणले ना डॉक्टर?” फोन खिशात टाकत हे म्हणाले. “मी ऐकलं. माझ्या कानानं ऐकलं. तू सांगायच्या आदी मला कळलं.”

डेपोत त्यांच्या कामाचा दर महिन्याला प्रोग्रेस रिपोर्ट जातो. मुलीचं प्रोग्रेस कार्ड वर्षानुवर्षं ह्यांनीच सही करून दिलं. प्रोग्रेस म्हणजे पुढं सरकलं, चांगलं झालं. त्या शब्दाचा वाईट अर्थ त्यांना कुठं भेटणार होता? आणि एवढ्या दिवसांत डॉक्टरच्या खोलीतलं एक वाक्य त्यांना माझ्याशिवाय कळलं होतं, याचाच त्यांना केवढा आनंद झाला होता. मी तोंड उघडलं. पण माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, “चला, गाडी चुकेल.”

गाडीत हे सारखं बोलत होते. मी खिडकीला डोकं लावून झोपेचं सोंग घेतलं.

आमचा भाग खव्याचा. भूमला उतरलं की भट्टीवर आटणाऱ्या दुधाचा वास येतो. ह्यांनी मला घरी सोडलं आणि परत स्टँडवर गेले. ओळखीच्या माणसाकडून ताज्या खव्याचे पेढे घेतले आणि थेट डेपोत नेऊन वाटले. वर्कशॉपमध्ये, कंट्रोलरला, कॅन्टीनवाल्याला. घरी आले ते उरलेला पुडा घेऊन. सासूबाईंनी एक पेढा देवापुढं ठेवला, एक माझ्या तोंडात घातला. गोड होता, वेलदोड्याचा. मी गिळला.

संध्याकाळी पुण्याहून पूजाचा फोन आला. पूजा आमची मुलगी, एकुलती एक. तिला बापानं जिन्यावरूनच कळवलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, “मम्मी, डॉक्टर प्रोग्रेस म्हणाले का प्रोग्रेशन?”

इंग्रजीच्या मास्तरणीची पोर. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले.

“पप्पांना सांगितलंस?”

“पेढे वाटून आलेत ते,” मी म्हटलं.

ती फोनवर रडायला लागली. बाहेर हे शेजाऱ्याला मोठ्यानं सांगत होते, “प्रोग्रेस हाय म्हणले डॉक्टर,” आणि इकडं मी कानाला फोन लावून तिला गप करत होते. त्या दोन आवाजांच्या मधे उभं राहणं मला ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

कर्ता कोण

सांगायचं तर होतंच. पूजा पुण्याला, घरात राहणाऱ्यांत इंग्रजी फक्त मला येतं, त्यामुळं माझ्या आजाराची प्रत्येक बातमी घरात माझ्याच तोंडून जायची. दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. आणि हे तर पुढच्या महिन्यात तुळजापूरला जाऊन नवस फेडायचं ठरवत होते. देवीपुढं उभं राहून चुकीच्या शब्दाबद्दल आभार मानतील, हे मला सहन होईना.

रविवारी सकाळी हे अंगणात मिक्सर खोलून बसले होते. मी शेजारी पायरीवर बसले. काय बोलावं सुचेना, तेव्हा वर्गातच असल्यासारखी सुरुवात केली.

“अहो, वाक्यात कर्ता असतो, माहीत आहे ना?”

“आता सकाळच्या पारी शाळा का?”

“सांगा तरी. ‘गाडी पुढं गेली.’ कोण पुढं गेलं?”

“गाडी.”

“डॉक्टर म्हणाले, प्रोग्रेस आहे. कोण पुढं गेलं?”

ह्यांनी वर बघितलं. हातात छोटा स्क्रू होता.

“तुम्ही ऐकलं ते बरोबर होतं,” मी म्हटलं. “प्रोग्रेस झाली आहे. पण माझी नाही. आजाराची.”

त्यांनी स्क्रू खाली ठेवला. मग तो उचलला आणि परत ठेवला.  मी हाडांचं सांगितलं, मणक्याचं सांगितलं.  सगळं झाल्यावर म्हणाले, “तितंच का न्हाय सांगितलंस?”

“तुमचं तोंड बघितलं,” मी म्हटलं. “एवढं हसरं तोंड लई दिवसांनी बघितलं होतं. मला नाही जमलं.”

ते उठले आणि हौदावर जाऊन हात धुवायला लागले. काळं ऑईल जाईपर्यंत धुतले, तरी धूतच राहिले. पाठमोरेच म्हणाले, “ज्यांनी पेढे खाल्ले त्यास्नी काय सांगू मी?”

 मी जाऊन त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं. भरदिवसा, अंगणात, सासूबाई समोर असताना. आमच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

सासूबाईंना ह्यांनीच सांगितलं.  देवापुढचा पेढा सुकून गेला होता, तो मी उचलायला गेले तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. देवानं अजून खाल्ला न्हाय.” आणि तेलाची वाटी चुलीशेजारी ठेवली.

डेपोतल्या लोकांना ह्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यात कॅन्टीनवाल्यानं घरी शिरा पाठवला आणि डबा परत नेताना तो माझ्याकडं न बघता गेला. त्यावरून कळलं.

मराठीत सांगा

नव्या गोळ्यांनंतर पुन्हा तपासणी झाली. परवाचीच गोष्ट आहे. पुन्हा त्या दोन खुर्च्या. डॉक्टरांनी फाईल उघडली, माझ्याकडं वळले आणि सुरुवात केली, “मॅडम, आय वुड लाइक टू बी ऑनेस्ट विथ यू...”

ह्यांनी टेबलावर हात ठेवला. नखांत ऑईल होतंच. म्हणाले, “सर, जरा थांबा. मराठीत सांगा.”

डॉक्टर म्हणाले, “मॅडमना समजतंय ना सगळं.”

“तिला समजतंय म्हणूनच म्हणतोय. आदी तुमी तिला सांगता. मग ती बाहीर येऊन मला सांगती. सोताच्या मरणाचं तिला दोनदा ऐकाया लागतंय, येकदा तुमच्या तोंडनं, येकदा सोताच्या. तवा आमाला दोघांला येकदमच सांगा.”

मी ह्यांच्याकडं बघत राहिले. मरण हा शब्द आमच्या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. मी तर इंग्रजीत पुष्कळ आडोसे शोधून ठेवले होते. आणि ह्यांना हे सगळं कधीपासून दिसत होतं? त्या खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडं बघायचे, तेव्हा मला वाटायचं अर्थ शोधतायत.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “काका, मी नळदुर्गचाच आहे. पण हे सगळं शिकलो इंग्रजीत. मराठीत सांगायचं म्हटलं की घरच्या माणसाला सांगितल्यासारखं होतं. जीभ उचलत नाही.”

“मग तसंच सांगा,” हे म्हणाले. “घरच्यावानी.”

डॉक्टरांनी फाईल मिटली आणि सांगितलं. थांबत थांबत, शब्द शोधत. “हा आजार आता पूर्ण बरा होणार नाही. गोळ्यांनी त्याला जमेल तेवढं थोपवून धरू. किती दिवस ते मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण मॅडमना दुखू देणार नाही. तेवढा शब्द देतो.”

याला इंग्रजीत ‘पॅलिएटिव्ह’ म्हणतात. मी तो शब्द मनात आणून बघितला आणि सोडून दिला. मला भाषांतर करायला काही उरलंच नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं, दोघांच्या एकाच वेळी. आजारपणात असं पहिल्यांदा घडलं. एरवी एकानं रडायचं आणि दुसऱ्यानं सावरायचं, असं चालायचं. खरं सांगू का, मला हलकं वाटलं. भीती होतीच, अजून आहे, पण ती आता एकटीची नव्हती.

हे डोळे पुसून म्हणाले, “ती शाळेत जाऊ शकंल का?”

“जमेल तोपर्यंत जाऊ द्या. बसून शिकवायचं.”

“आन एसटीत हिसके बसत्यात. चालंल का?”

“पाठीला काहीतरी मऊ द्या.”

तर तुम्हाला सांगायचं ते हेच. फाईल घेऊन बसला असाल तर आत गेल्यावर म्हणा, मराठीत सांगा. शब्द कळला नाही तर म्हणा, कळला नाही, परत सांगा. डॉक्टरांना वेळ नसेल तरी म्हणा. आणि आजारी माणसालाच घरातला दुभाषा करू नका, तो कितीही शिकलेला असला तरी.

परतीच्या गाडीत ह्यांनी मधली सीट निवडली. मागच्या चाकावरची सीट उडते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? शालीची घडी करून माझ्या पाठीमागं ठेवली, दोनदा काढून नीट केली. बार्शी मागं पडली. खिडकीतून आमच्याकडचे डोंगर दिसायला लागले, तेच, बोडके, मधेमधे बाभळी. हे बराच वेळ बाहेर बघत होते.

“ते जंगलाचं काय हुतं गं?” एकदम म्हणाले. “ऑपरेशनच्या वक्ताला डॉक्टर म्हणले हुते ते.”

“आउट ऑफ द वूड्स. जंगलातून बाहेर पडणे. संकट टळणे.”

“म्हंजे आपुन आता न्हाय पडत बाहीर.”

“नाही,” मी म्हटलं.

कंडक्टर आला. ह्यांना ओळखून नुसती मान हलवून पुढं गेला. ह्यांनी माझा हात घेऊन स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, वर आपला हात ठेवला, आणि समोर बघत म्हणाले, “मग तितंच राहू की. मी हाय संगं.”

मी आयुष्यभर लोकांची वाक्यं तपासत आले. ह्यात मला एकही चूक काढता आली नाही.